खात्रीभाऊ स्वतःच्या घरात शिरतात

आता या घरात मुंगी जरी शिरली तरी ती कोणता पाय आधी टाकून शिरली हे मला कळेल, असं खात्रीभाऊंनी त्या सकाळी बायकोला सांगितलं, भिंतीवर यंत्रं बसवणाऱ्या फिटरला सांगितलं आणि रस्त्याने जाणाऱ्या, या विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या एका माणसालाही थांबवून सांगितलं.

खात्रीभाऊ हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं. कुकरच्या कारखान्यात सेफ्टी व्हॉल्व्ह तपासण्यात त्यांची अख्खी हयात गेली. निवृत्त झाले, पण हात काही थांबेनात. कोणाकडे गेले की बसण्याआधी खुर्ची हलवून बघायचे. डॉक्टरने गोळी लिहून दिली की, 'तुम्ही स्वतः घेता का ही?' असं विचारायचे. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. ते कुलूप खिळखिळं झालं त्यात चोरांचा हात नव्हता.

अशा माणसाच्या बायकोचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. ती घरात राहते. या बाईंची मोठी बहीण दूरच्या गावी होती. दर वर्षी तिच्याकडे जायची बॅग भरली जायची आणि दर वर्षी ती बॅग बसस्टँड बघून परत यायची. कधी गॅस चालू राहिल्याची शंका, कधी मागच्या दाराची. एकदा तर शंकासुद्धा सापडली नाही, तेव्हा 'काहीतरी राहिलंय' एवढ्यावर दोघं परतले होते. आणि आता ती बहीण पुढच्या आठवड्यात कायमची मुलाकडे परदेशी निघाली होती. आत्ता भेट झाली नाही तर ती पुढे कधी होणार, हे दोघींनाही ठाऊक होतं म्हणून दोघीही फोनवर ते बोलत नव्हत्या.

"तुम्हाला हवी ती यंत्रं बसवून घ्या," बाई म्हणाल्या होत्या. "पण आज दुपारची बस मी चुकवणार नाही."

म्हणून ही सिस्टिम. माणसाची भीती मोजून तिला प्लॅस्टिकच्या डब्यात भरून भिंतीला ठोकणाऱ्या कंपन्या हल्ली पुष्कळ झाल्यात. त्यातल्याच एकीचा फिटर शिडीवर उभा होता आणि खात्रीभाऊ खालून त्याला पिळून काढत होते.

"याला माणूस दिसतो म्हणजे नक्की काय दिसतं?"

"हालचाल दिसते काका. आणि अंगातली ऊब."

"मग चोर थंड असला तर?"

फिटरने स्क्रू पिळायचा थांबवला. "मेलेला चोर तुमच्याकडे कशाला येईल काका?"

"रांगत आला तर?"

"रांगला तरी दिसतो."

"अंगावर गादी घेऊन रांगला तर?"

"जो माणूस गादी घेऊन येईल, तो चोरी करायला नाही आला काका. राहायला आलाय."

बाई स्वयंपाकघरात हसल्या. खात्रीभाऊ हसले नाहीत. कारण त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. या माणसाच्या डोक्यात प्रश्न उगवले की ते तणासारखे वाढत, आणि उत्तर मिळालं तरी मुळं आत राहत.

फिटर काम संपवून गेला. जाताना म्हणाला, "निर्धास्त जा काकू." बाई बहिणीसाठी काहीतरी घ्यायला बाजारात निघाल्या. बॅग दाराशी ठेवली होती.

"मी येते तोवर तयार राहा. येताना टॅक्सी घेऊनच येते."

"मी तयारच आहे," खात्रीभाऊ म्हणाले. ते होतेही तयार, फक्त वेगळ्याच गोष्टीला.

कारखान्यात त्यांचा एक नियम होता. आज तपासणी आहे, असं व्हॉल्व्हला कधी सांगायचं नाही. म्हणजे, सांगूनही त्याला कळलं नसतं, पण त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या कामगारालाही सांगायचं नाही. तपासणाऱ्याने तोंड उघडलं की तपासणी फुकट गेली. हा नियम त्यांनी स्वतःच्या घराला लावला. सिस्टिम चालू केली, पुढचं दार ओढून घेतलं, कुलूप ओढून बघितलं आणि वळसा घालून घराच्या मागे गेले.

चोर कुठून येईल हे त्यांनी सकाळीच हेरलं होतं. न्हाणीघराच्या खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या आणि तिथे फिटरने काहीच लावलं नव्हतं. त्यांनी पट्ट्या एकेक करून काढल्या, भिंतीशी नीट रचून ठेवल्या, बादली पालथी घालून तिच्यावर चढले आणि डोकं आत घातलं. मग खांदे. मग छाती. सिस्टिम गप्प होती. सायरन नाही, लाल दिवा नाही. खात्रीभाऊंना इतका आनंद झाला की काय सांगावं. कंपनीची चूक सापडली होती. त्याच आनंदात त्यांनी पोट पुढे ढकललं, आणि पोट थांबलं.

पुढे जाईना, मागे येईना. धडाचा अर्धा भाग न्हाणीघरात साबणाचा वास घेत होता आणि उरलेला अर्धा बाहेर हवा खात होता. त्यात पायाखालची बादली कलंडली.

तो आवाज ऐकून शेजारीण मागच्या अंगणात आली. ही बाई आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. माणसाचे सुटे भाग बघून घाबरण्याचं वय तिचं कधीच मागे पडलं होतं. तिने ते दोन पाय जरा वेळ पाहिले.

"कोण रे तू?"

पाय गप्प.

"चोर आहेस का?"

खात्रीभाऊंच्या ओठांवर आलं होतं. पण तपासणी चालू होती. आता बोललं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. ते गप्प राहिले आणि शेजारीण नक्की काय करते, ती पोलिसांना बोलावते, ओरडते की पळते, हे ऐकायला त्यांनी कान टवकारले. हीसुद्धा सुरक्षेचीच बाजू होती.

शेजारीण पायरीवर बसली.

"चोर असशील तर भलतंच घर धरलंस बाबा. इथल्या माणसाने आजच सिस्टिम बसवलीय. सकाळपासून गल्लीला सांगत सुटलाय. ज्याच्या घरी न्यायला काही नसतं, तोच एवढा गाजावाजा करतो."

पायाची बोटं आखडली.

"वहिनी मात्र सोन्यासारखी आहे. तिचं काही नेऊ नकोस. त्याचं ने. तो टीव्ही ने बरं का. दिवसभर बातम्या लावून बसतो, इकडे माझ्या भिंतीवरचं घड्याळ हलतं."

आवाज मी मोजूनच ठेवतो, असं खात्रीभाऊंना फार सांगावंसं वाटलं.

"अडकलास होय? आणि एवढं पोट घेऊन या धंद्यात आलासच कशाला? थांब."

तिने कोपऱ्यातला झाडूचा लांब दांडा घेतला, तो खात्रीभाऊंच्या बैठकीला टेकवला आणि दवाखान्यात स्ट्रेचर ढकलायची तसा जोर लावला. खात्रीभाऊ बाटलीच्या बुचासारखे सुटले आणि आतल्या टबात, मग्यावर, डोक्यावर, याच क्रमाने पडले. उठले, न्हाणीघराचं दार उघडून बोळात आले, आणि सिस्टिमला ते दिसले.

सगळ्या कुकरांनी मिळून एकदम शिट्टी मारावी तसा सायरन लागला. खात्रीभाऊ बोळाच्या मधोमध उभे राहून तो ऐकत राहिले. आवाज दणदणीत होता. वरच्या पट्टीत जरा फाटत होता, पण चालण्यासारखा होता. बाहेर गल्लीत धडाधड खिडक्या लागल्या. सायरनचा खरा उपयोग तोच. चोराला खात्रीने कळतं की आता कोणीही बाहेर येणार नाही.

खिशातला फोन वाजला.

"सर, कंट्रोल रूममधून बोलतेय. तुमच्या घरात कोणीतरी शिरलंय."

"माहीत आहे. मीच शिरलोय. शाबास, बरोबर ओळखलंत."

"सर, तुम्ही घराचे मालक आहात याची खात्री करायला एक प्रश्न विचारते."

खात्रीभाऊंना हे फारच आवडलं. आपल्याच जातकुळीचं कोणीतरी भेटलं असं वाटलं. "विचारा, विचारा."

"तुमच्या पत्नीच्या मोठ्या बहिणीचं नाव काय?"

सायरन वाजत होता. तो नसता तरी त्या क्षणी खात्रीभाऊंना काही ऐकू आलं नसतं.

"हा प्रश्न कोणी ठरवला?"

"सकाळी तुम्ही शिडीपाशी फिटरशी बोलत होतात, तेव्हा मॅडमनी ठरवला सर. घरच्या माणसाला सहज येईल असा प्रश्न हवा असतो."

"ताई," खात्रीभाऊ म्हणाले.

"ताई हे नाव नाही सर. ते नातं झालं."

"आम्ही ताईच म्हणतो. सगळे ताईच म्हणतात. हे बघा, तिच्या नवऱ्याचं नाव सांगतो. त्याच्या स्कूटरचा नंबर सांगतो. त्यांच्या कुकरचा व्हॉल्व्ह मी स्वतः बदललाय, त्याचा साइज सांगतो."

"बहिणीचं नाव सर."

त्यांनी डोळे मिटले. लग्नात ताईंनी त्यांच्या हातात अंगठी ठेवली होती. बाळंतपणात ताई महिनाभर येऊन राहिल्या होत्या. इतक्या वर्षांत एकदाही, एकदासुद्धा, हे नाव आपल्या कानावर कसं आलं नाही, याचं त्यांना प्रामाणिक कुतूहल वाटलं. मग त्यांनी अंदाज बांधायला सुरुवात केली. त्या पिढीतल्या बायकांची जेवढी नावं आठवली तेवढी त्यांनी म्हणून दाखवली. कंट्रोल रूममधली मुलगी शेवटी म्हणाली, "सर, तुम्ही आहात तिथेच थांबा. आमचा गार्ड निघालाय."

गार्ड आला तोपर्यंत सायरन थांबला होता. खात्रीभाऊंनी खिडकीतून दिलेल्या किल्लीने त्याने पुढचं कुलूप उघडलं. गार्ड उंचापुरा होता आणि दारातून आत येताना डोकं वाकवायची त्याला सवय होती. त्याच्या मागोमाग शेजारीण आली.

"हाच," ती म्हणाली. "चेहरा नाही बघितला, पण पाय मी कुठेही ओळखेन." मग तिची नजर पायांवरून वर गेली आणि ती थांबली. "अगं बाई. भाऊ, तुम्ही?"

"मीच. टीव्ही नेऊ का?" खात्रीभाऊ म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तपासणी चालू होती."

गार्डने भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढून खात्रीभाऊंच्या शेजारी धरला. फोटोतल्या माणसाला भरपूर केस होते आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलीच शंका नव्हती. "जुळत नाही," गार्ड म्हणाला.

"या शेजारच्या बाई सांगतायत ना मी कोण ते."

"यांनीच मघाशी तुम्हाला चोर समजून आत ढकललं. यांची साक्ष मी कशी धरू?"

तेवढ्यात बाहेर टॅक्सी थांबली आणि बाई आल्या. हातात कागदात गुंडाळलेली शाल. त्यांनी उघडं दार पाहिलं, गार्ड पाहिला, नवऱ्याच्या डोक्याला लागलेला साबण पाहिला.

"मॅडम, हे गृहस्थ म्हणतात की ते तुमचे यजमान आहेत. पण प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही त्यांना."

"कोणत्या प्रश्नाचं?"

गार्डने सांगितलं. बाई बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघावी, तशा.

"खरंच नाही माहीत तुम्हाला?"

"अगं, तू कधी बोललीच नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? त्या फिटरला तुम्ही विचारलंत की चोर थंड असला तर काय."

खात्रीभाऊंनी डोक्यावरचा साबण पुसला.

"ओळखता ना मॅडम यांना?" गार्डने विचारलं.

"चेहऱ्याने ओळखते," बाई म्हणाल्या.

"मग तुम्ही उत्तर सांगा, म्हणजे तुमची मालक म्हणून नोंद होईल."

खात्रीभाऊ नकळत पुढे सरकले. शेजारणीनेही मान लांब केली. पण बाईंनी गार्डला खाली वाकायला लावलं, त्याच्या कानाशी हाताचा आडोसा केला आणि नाव कुजबुजल्या. गार्ड म्हणाला, "वा, छान नाव आहे." खात्रीभाऊंना आयुष्यात कोणाचा एवढा हेवा वाटला नव्हता.

"मला नाही सांगणार?"

"परक्या माणसासमोर सांगायचं नाही, असं फिटरने बजावलंय."

गार्डने आपल्या मशीनवर काहीतरी दाबलं. मग म्हणाला, "न्हाणीघराची खिडकी उघडी आहे मॅडम. काचा बसवेपर्यंत घरात कोणालातरी थांबावं लागेल. तोवर बंद घराची पूर्ण सिस्टिम चालू करता येत नाही."

खात्रीभाऊंना आपण स्वतः भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या पट्ट्या आठवल्या. त्यातली एक शेजारणीच्या पायाखाली येऊन फुटली होती, हे तिने लगेच सांगून टाकलं.

बाईंनी दाराकडे बघितलं. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. इतकी वर्षं याच क्षणी बॅग परत खोलीत गेली होती, आणि खात्रीभाऊंचा हात सवयीने तिच्याकडे गेलाही. पण बाईंनी बॅग आधी उचलली.

"हे थांबतील," त्या म्हणाल्या.

"कोण म्हणून नोंदवू यांना?" गार्डने विचारलं. "कुटुंबीय म्हणून नोंदवायला उत्तर लागतं. पाहुणे म्हणून नोंदवता येईल."

"नोंदवा."

टॅक्सी गेली. कोपऱ्यावर ती थांबेल, असं वाटून खात्रीभाऊ दारात उभे राहिले. ती थांबली नाही.

पाहुणा म्हणजे काय, हे त्यांना अर्ध्या तासाने कळलं. पाण्यासाठी ते स्वयंपाकघराकडे वळले आणि पुन्हा सगळी गल्ली खिडक्या लावून मोकळी झाली. कंट्रोल रूममधल्या मुलीने नम्रपणे सांगितलं की पाहुण्यांना पुढची खोली आणि न्हाणीघर एवढंच खुलं असतं, बाकीच्यासाठी मालकांची परवानगी लागते. मग तिने विचारलं, "सर, आमच्या सिस्टिमबद्दल तुमचं समाधान झालं का?"

खात्रीभाऊंनी खरंच विचार केला. ते खोटं बोलणारे तपासनीस नव्हते. "चांगली आहे," ते म्हणाले. "नको त्याला आत सोडत नाही."

संध्याकाळी ते पाहुण्यासाठी असलेल्या खुर्चीत, ती हलवून न बघता, बसले आणि साडूच्या घरी फोन लावला. फोन ताईंनी घेतला. मागून बायकोचं हसणं ऐकू येत होतं, आणि असं हसणं त्यांनी या घरात कधी ऐकल्याचं त्यांना आठवेना.

"हॅलो, कोण बोलतंय?" ताईंनी विचारलं.

"आधी आपलं नाव कळेल का?" खात्रीभाऊ आवाज बदलून, शक्य तितक्या अदबीने म्हणाले.



"अगं," ताई बहिणीला म्हणाल्या, "कोणीतरी लबाड माणूस आहे. नाव विचारतोय." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.