गोमुख असलेलं स्टेशन

तुळशीदास राऊत संध्याकाळी एसटी डेपोतून घरी आला, तेव्हा त्याच्या रेल्वे स्टेशनात बाळकृष्ण रांगत होता.

शेजारच्या कोनाड्यात अन्नपूर्णा होती, पलीकडच्या कोनाड्यात गणपती. समोर निरांजन तेवत होतं. सकाळी हेच स्टेशन त्यानं पडवीत धुण्याच्या सोड्याच्या बादलीत भिजत घातलं होतं. तेव्हा त्यावर देव तर सोडाच, पितळसुद्धा दिसत नव्हतं. नुसते हिरव्या रंगाचे थरावर थर होते.

"आई, माझं स्टेशन!"

"कसलं स्टेशन?" रखमाबाई वाती वळता वळता म्हणाल्या. "एवढा सोन्यासारखा देव्हारा बादलीत बुडवून ठेवलेलास. मी बघितला म्हणून वाचला. चिंच-राखेनं घासता घासता हात भरून आले माझे."

दिवाळी तोंडावर आली होती आणि घरातली सगळी पितळी भांडी घासायला निघाली होती. त्यात हे सापडलं. रखमाबाईंच्या लाकडी देव्हाऱ्याला दोन पावसाळ्यांपासून वाळवी लागलेली. देव पाटावर आले होते, आणि त्यांना तसं बघून म्हातारीचा जीव रोज तीळतीळ तुटत होता. आपलं गाऱ्हाणं देवानंच ऐकलं, अशी तिची खात्री पटली.

तुळशीदासचं गाऱ्हाणं मात्र कुठल्याच देवानं ऐकलं नव्हतं. नोकरी एसटीत आणि जीव रेल्वेत, अशा माणसाला घरात कोण विचारणार? आगाशीच्या त्या घराच्या माळ्यावर, जुन्या दरवाज्यांच्या फळ्यांवर त्यानं छोटे रूळ अंथरले होते. चावीचं इंजिन होतं, डबे होते. मात्र स्टेशन नव्हतं. "गाडी नुसती गरागरा फिरते," त्याची बायको मालन एकदा म्हणाली होती, "माणसानं चढायचं कुठं आणि उतरायचं कुठं?" ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

आणि मग गेल्या शनिवारी गोखिवऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे, मोडक्या पंख्याखाली, त्याला हे मिळालं. जेमतेम वीतभर उंच, जाळीदार भिंती, वर घुमट. भंगारवाल्यानं कंदील म्हणून तोलून दिलं. पण तुळशीदासची नजर तळाशी गेली. तिथं फलाटाची कड होती आणि तिची उंची त्याच्या डब्यांच्या पायऱ्यांशी तंतोतंत जुळत होती. घुमटावरचं बोंड तेवढं निखळलं होतं. ते शेजारच्या ॲन्सेल्मनं आपल्या वर्कशॉपमध्ये नेऊन डाग देऊन बसवून आणलं. आणताना तो म्हणाला, "तुळशी, मला तर हे आमच्या चर्चच्या आल्तारावरचं वाटतं." तेव्हाच तुळशीदासनं सावध व्हायला हवं होतं.

"आई, हे तिकीटघर आहे," तो आता म्हणाला. "विलायती खेळण्यातलं."

"तिकीटघराला कळस असतो?"

"ते शोभेचं बोंड आहे."

"आणि हे तीन कोनाडे?"

"तिकिटाच्या खिडक्या."

"समोर ही आडवी भिंत कशाला मग?"

"रांग लावायला."

"देवाला दृष्ट लागू नये म्हणून असते ती," रखमाबाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी हुकमाचा पत्ता काढला. तिन्ही कोनाड्यांच्या पायथ्याशी एक बारीक पन्हळ होती. ती मागच्या बाजूला एका इवल्याशा नळीतून बाहेर पडत होती. त्यांनी पळीभर पाणी बाळकृष्णावर घातलं. पाणी पन्हळीतून सुळकन वाहत गेलं आणि नळीखाली ठेवलेल्या वाटीत पडलं. "गोमुख! सांग आता, कुठल्या स्टेशनाला गोमुख असतं?"

पन्हळ तुळशीदासनंही पाहिली होती आणि तिचं कोडं त्यालाही सुटलेलं नव्हतं. पण कोडं न सुटणं वेगळं आणि हार मानणं वेगळं.

"तीर्थ घे," रखमाबाईंनी पळी पुढे केली.

"स्टेशनाचं पाणी मी पिणार नाही."

"अहो, घ्या की मुकाट्यानं," मालन कुजबुजली.

"जे नाही ते नाही!" तुळशीदासनं हात पाठीमागे बांधले. "उद्या पाण्याच्या टाकीवर फूल वाहाल, म्हणून काय मी टाकीला नमस्कार करू?"

तिथून घरात शीतयुद्धच सुरू झालं. रोज सकाळी पूजा व्हायची, रोज पळी पुढे यायची आणि रोज तुळशीदास हात मागे बांधून उभा राहायचा. बातमी आळीत पसरली. बायका दर्शनाला येऊ लागल्या. "साक्षात बादलीतून प्रकटला," असं कुणीतरी म्हणालं आणि दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली. गोमुखातलं तीर्थ बाटलीत भरून एकजण थेट मनवेलपाड्याला आपल्या आजारी नणंदेकडे घेऊन गेली. नणंद बरी झाली. तुळशीदासला यापेक्षा वाईट बातमी दुसरी नव्हती.

शेवटी रखमाबाईंनी रविवारी रीतसर स्थापना करायचं ठरवलं, भटजीही सांगितला. तुळशीदास पेटला. अख्ख्या पडवीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ठीक आहे! रविवारी ॲन्सेल्मचे मामा येतील, प्लासिड अंकल. त्यांची सगळी उमर विलायतेत गेली, छोट्या रेल्वेनं घर भरलंय त्यांचं. ते बघतील आणि सगळ्यांसमोर सांगतील. रेल्वेचं निघालं तर देव उठवायचे आणि स्टेशन माळ्यावर!"

"आणि देव्हारा निघाला तर?"

"तर गाडी, रूळ, डबे, सगळं गोखिवऱ्याला भंगारात घालीन. पुन्हा नाव काढणार नाही."

मालननं कपाळाला हात लावला.

रविवारी मिस्सा आटोपून प्लासिड अंकल ॲन्सेल्मबरोबर आले. भटजींचे मंत्र संपत आले होते, पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. अंकल चष्मा सावरत देव्हाऱ्यासमोर वाकले. जाळी पाहिली, कोनाडे पाहिले, आडव्या भिंतीमागे डोकावले. मग मागच्या नळीतून तीर्थ ठिबकताना पाहिलं, आणि त्यांचे खांदे गदगदू लागले. त्यांनी तोंडाला रुमाल लावला.

"गहिवरले बिचारे," रखमाबाई म्हणाल्या.

अंकलनी तुळशीदासचा दंड धरला आणि त्याला मागल्या दारी केळींत नेलं.

"रेल्वेचंच आहे," ते कसेबसे म्हणाले.

"सांगत होतो मी!" तुळशीदासची छाती फुगली. "चला, सगळ्यांसमोर सांगा!"

"अरे, थांब. स्टेशनातलं आहे, पण स्टेशन नव्हे. तिकडे फलाटाच्या टोकाला अशी बिडाची, नक्षीदार असायची. मी स्वतः कितीदा जाऊन उभा राहिलोय."

"कुठं उभे राहिलात?"

"मुतारीत, बाबा. बाप्यांची मुतारी आहे ती. तीन कोनाडे, तीन माणसं. समोर आड म्हणून भिंत."

"आणि ते गोमु..." तुळशीदासचा शब्द अर्ध्यावरच अडकला.

अंकलनी मान डोलावली आणि रुमाल पुन्हा तोंडाला लावला.

केळीच्या पानाआडून पडवी दिसत होती. रखमाबाई नव्या नऊवारीत बसल्या होत्या. वाळवीनं पोखरलेले ते दोन पावसाळे त्यांच्या चेहऱ्यावरून पार पुसले गेले होते.

"वापरलेली नाही हो," अंकल समजुतीच्या सुरात म्हणाले, "खेळण्यातलीच ती. आणि ऐक, माझ्याकडे याच संचातलं पितळी स्टेशन आहे. घड्याळ, बाकडी, सगळं. मुतारी तेवढी नाही. अदलाबदल करू. तू फक्त आत जाऊन खरं सांग."

घड्याळ आणि बाकडी असलेलं स्टेशन! तुळशीदासला ते डोळ्यांसमोर दिसलं. एका वाक्याचा अवकाश होता. पैज जिंकली असती, गाडीला स्टेशन मिळालं असतं, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा या घरात त्याचं खरं ठरलं असतं.

"अंकल," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज आठवडाभर होता तसाच ताठ होता, "तुमचं चुकतंय. हा देव्हारा आहे."

"अरे, मी डोळ्यांनी..."

"देव्हारा आहे! माझी आई म्हणते. तुम्ही विलायतेत राहिलात, तुम्हाला देवाधर्मातलं काय कळणार?"

अंकलनी केळीच्या पानाआडून पडवीकडे पाहिलं. मग त्यांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

दोघं आत आले तशी पडवी चिडीचूप झाली. "काय म्हणता?" रखमाबाईंनी विचारलं. प्लासिड अंकलनी एकवार तुळशीदासकडे पाहिलं आणि ते गंभीरपणे म्हणाले, "आजी, असा देव्हारा मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

एकच गलका उडाला. ॲन्सेल्मनं तर टाळ्याच वाजवल्या. तुळशीदास माळ्याच्या शिडीकडे निघाला.

"कुठं चाललास?" रखमाबाईंनी हाक मारली.

"गाडी पोत्यात भरायला. शब्द दिलाय."

"शब्द ठेव तुझ्याजवळ!" म्हातारी कडाडली. "भंगारात घालायला आलाय मोठा. बाळकृष्ण एवढासा पोर, त्याला खेळायला नको काय? आण खाली ते रूळ आणि अंथर देव्हाऱ्याभोवती. फुलं वाहतील तुझे डबे. आणि गाडी इथं, दारासमोर थांबली पायजे. तुला स्टेशन हवं होतं ना?"

तुळशीदास शिडीवरून माघारी वळला.

"आता तरी तीर्थ घे रे," रखमाबाईंनी गोमुखाखालची वाटी उचलली आणि पळी भरली.

सगळी आळी बघत होती. आठवडाभर पाठीमागे बांधलेला उजवा हात तुळशीदासनं हळूच पुढे आणला, डोळे गच्च मिटले आणि तीर्थ एका दमात घेतलं. ॲन्सेल्मनं हौसेनं दोनदा घेतलं.

"तुम्हालाही देते हां," रखमाबाई पळी घेऊन प्लासिड अंकलकडे वळल्या.

"नको नको, आजी," अंकल घाईघाईनं मागे सरकत म्हणाले, "मला नुसता शिरा द्या."