पुंजाजी अन् माझी विहीर

पुंजाजी ज्याच्या घरी जाईल त्याच्या पाण्याच्या गिलासात आधी मीटर बुडवतो. मग पाणी पितो, नाहीतर पीत नाही. व्याही असो, तलाठी असो, कोणाचा मुलाहिजा नाही. खिशाला पेन लावावा तसं ते मीटर लावलेलं असतं. पाण्यात खार किती, ते त्याच्या काचेवर आकड्यात दिसतं. आकडा मोठा आला की हा गिलास खाली ठेवतो आणि घरच्या बाईकडे असा पाहतो, की जणू तिनं त्यात उंदीर बुडवून दिला.

कोणी रागावलं तर त्याचं एकच उत्तर. "आकडा आला तो आला."

आमचं गाव पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. जमिनीतलं पाणी खारं. गोड पाण्याचा नळ आहे, पण तो त्याच्या मर्जीनं येतो. मागच्या साली नदीखोऱ्याचा प्रकल्प आला. खोरं म्हणजे नदीला जिथून जिथून पाणी येतं तो सगळा मुलूख, असं त्यांनी समजावलं. नदीवर अन् विहिरींवर गावानंच देखरेख ठेवायची म्हणे. पाच-सहा जणांना टोप्या दिल्या, मीटरं दिली, फोटो काढले. टोप्या लोकांनी शेतात निंदणाला वापरल्या. मीटरं नातवंडांनी फोडली. पुंजाजीचं तेवढं शाबूत राहिलं, कारण त्याच्या घरी फोडायला कोणी नाही.

माझ्या साडभावाच्या नातीचं लग्न होतं, अकोल्याला. मी पुंजाजीला सोबत नेलं. पंगतीत यानं मठ्ठ्यात मीटर घातलं. आकडा चढता चढता थांबेना. हा उभा राहिला. "कोनी पिऊ नोका. जहर आहे यात." अर्ध्या लोकांनी वाट्या खाली ठेवल्या. आचारी झारा घेऊन धावत आला.

"काका, मठ्ठा आहे तो. मीठ टाकलं आहे त्यात."

"मंग कबूल कर न," पुंजाजी म्हणाला. "आकडा आला तो आला."

साडभाऊ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मीटर याचं, अन् बोलणं बंद माझं.

पुरात एकदा यानं पुलाखाली मीटर बुडवलं. नदीत मेलेलं डुक्कर वाहत होतं. हा म्हणतो, "पानी गोड आहे." मी म्हटलं, "अन् ते डुक्कर?" म्हणाला, "डुक्कर मीटरमधी येत नाई."

असा माणूस. अक्कल कमी, पण आकडा वाकवणार नाही. शाळेच्या बोअरवेलचा आकडा जरासा खाली लिहून दे, गावाला बक्षीस भेटते, असं सरपंच त्याला चहा पाजून म्हणाला. यानं चहात मीटर घातलं आणि चहा तसाच ठेवून उठला.

हे सगळं मी हसत सांगत नाही. मला त्याचा संताप आहे. कारण सांगतो.

माझी बायको गोकर्णा किडनीनं गेली. आमच्या भागात बहुतेक घरात तेच दुखणं आहे. अकोल्याला मशीनवर रक्त धुवायला नेत होतो. बसमध्ये जागा भेटली तर बसायची, नाहीतर माझ्या खांद्याला धरून उभी. कितीक डॉक्टर झाले, कितीक कागद झाले. घरी पाणी कोणतं पिता, हे एकानं विचारलं नाही. पाणी आमच्या विहिरीचं. ती विहीर आम्ही दोघांनी खणली. मी खाली कुदळ मारत होतो, ती वरून दोर ओढत होती. नळ आला नाही तर सगळी गल्ली तिथंच भरते.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजी आला. मला वाटलं बसायला आला. यानं बादली सोडली, मीटर बुडवलं, आणि पिशवीतून रंगाचा डबा काढून विहिरीच्या कठड्यावर लाल ठिपका काढला. लाल म्हणजे पिण्याचं नाही.

मी त्यावर चुना मारला. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा लाल काढला. मी पुन्हा चुना मारला. चुना माझ्या घरचा, रंग प्रकल्पाचा. गल्लीतले लोक सकाळी उठून आधी कठडा पाहायचे, आज कोण जिंकलं.

"तुया बापाची इहीर आहे काय बे?"

"आकडा आला तो आला, नामदेवा."

"काय म्हन्ते तुया आकडा? माया बायकोले म्या आपल्या हातानं जहर पाजलं म्हन्ते काय?"

तो डब्याचं झाकण लावायचा आणि जायचा. मी त्याच्या अंगावर चुन्याची बादलीही फेकली आहे. धोतर धुऊन दुसऱ्या दिवशी हजर.

मग ग्रामसभा लागली, शाळेच्या पटांगणात. मोठं बॅनर, लोकसहभागाचं. प्रकल्पाच्या मॅडमनं जमिनीवर रांगोळीनं पूर्णा काढली, नाले काढले, विहिरी काढल्या. ज्याची विहीर त्यानं स्वतःच्या हातानं तिथं चकती ठेवायची. हिरवी म्हणजे प्या, लाल म्हणजे पिऊ नका. गाव त्याच्यावर चालणार. त्याआधी त्यांनी मोबाइल पुढं केला, त्यात हसरी अन् रडकी तोंडं. समाधानी आहात का? मी रडकं दाबलं. मोबाइल म्हणाला, धन्यवाद.

"दादा, तुमचा सहभाग महत्त्वाचा आहे," मॅडम म्हणाल्या.

"माही बायको मेली तवा कोठी होता सहभाग?" मी म्हटलं. त्यांनी चकत्या माझ्यापुढं सरकवल्या.

मी हिरवी चकती उचलली. "माही इहीर हिरवी."

माझ्या समोरच्या घरची सून तान्हं लेकरू घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "आबाजी, तुमी हिरवी ठेवसान तर मी यालेबी तेच पाजीन. नळ तं येतच नाई. तुमी सांगा."

माझा हात तसाच राहिला. ठेवली तर ते लेकरू. नाही ठेवली तर गोकर्णा.

पुंजाजी उठला. मला वाटलं, आता हा सगळ्या गावासमोर आकडा वाचणार. मी मनात म्हटलं, वाच, मग तुझं मीटर अन् माझा दगड.

"मॅडम, त्या इहिरीचं पानी आता खराब आहे," तो म्हणाला. "पन खराब होऊन दोन-तीन उन्हायेच झाले. त्याच्याआधी गोड होतं. वैनी सोता गिलास भरून देत जाय मले. नारयाच्या पान्यावानी."

गोकर्णाचं दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"कशावरून काका?" मॅडमनं विचारलं. "तेव्हा मोजलं होतं?"

"मोजलं होतं."

मीटर गावात येऊन पुरतं साल झालं नव्हतं. सरपंचानं तोंड उघडलं. पुंजाजी त्याच्याकडे वळला. "तू चूप बस बे." सरपंच चूप बसला. मॅडमनं वही मिटली.

मी हिरवी खाली ठेवली आणि लाल उचलली. कुठं ठेवायची ते नीट दिसेना. त्या सुनेनं माझा हात धरून रांगोळीतल्या विहिरीवर नेला.

सभा सुटली. पुंजाजी पुढं, मी मागं.

"पुंज्या, थांब."

थांबला नाही.

"लबाड बोलला तू. इहीर खनली तवापासून त्या पान्यात तिची डाळ शिजली नाई. खाऱ्या पान्यात शिजतच नाई ते. चुलीपाशी बसू बसू रडे ते."

"डाळ जुनी असन," तो म्हणाला.

"इतके वर्स?"

आता तो थांबला. मागं वळला नाही.

"दुकानदार चोर होता तो, नामदेवा."