लक्षणीय मरण

माणूस कोणत्याही ऋतूत मरू शकतो. मात्र तो लक्षणीय मेला की नुसताच मेला, हे ठरवायला शासनाचं एक खातं लागतं. हवामान-मृत्यू विभाग हे काम अतिशय थंड डोक्याने करत असे. (वातानुकूलन यंत्रं दोन: एक साहेबांसाठी, एक आकडेवारीसाठी.)

नियम सोपा होता. ऋतूंमधल्या मृत्यूंत इतका फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत आली, तर तो फरक लक्षणीय. मग रस्तोरस्ती सावली आणि पाणी पुरवणं खात्याला भाग होतं. पाचाच्या वर गेली, की गेलेले सगळे योगायोगाने गेले असं समजून फाईल बंद.

सांख्यिकी अधिकारी असलेल्या बाईंनी कसोटी पुन्हापुन्हा लावून पाहिली. उत्तर पाचाच्या केसभर वर.

"उन्हाळ्यात आणखी एक गेला असता तर जमलं असतं," जेवताना त्या नवऱ्यापाशी हळहळल्या.

सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली. "मग आधी नाही का सांगायचंस, सूनबाई? घरात माणूस असताना बाहेर कशाला शोधायचा?"

"बाबा, काहीतरीच काय बोलता."

सगळे हसले. सासरे गच्चीखालच्या खोलीत राहत. वरची गरम हवा खाली आणून देण्याचं काम तिथला पंखा चोख करी. येत्या रविवारी त्यांचा बिछाना खाली हलवायचाच, असं बाई म्हणत. पण रविवार येत आणि अहवालात जात.

एका दुपारी सासरे तिथेच कोसळले. अंग तव्यासारखं तापलेलं. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण स्पष्ट लिहिलं: उष्माघात.

परंतु परिपत्रकानुसार उन्हाळा आदल्याच दिवशी कार्यालयीन वेळेत संपला होता. सासऱ्यांची नोंद पावसाळ्यात झाली. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. (पावसाला परिपत्रक पोचलं नसावं.) ऋतूंमधला फरक आणखी घटला.

साहेब सांत्वनाला घरी आले. "फार सज्जन माणूस. जातानासुद्धा खात्याला अडचणीत आणलं नाही."

"साहेब, नोंद एक दिवस मागे नेता येईल?" बाईंनी खाली बघत विचारलं.

"घरच्या माणसासाठी आकडे फिरवायचे? बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

बाई शरमल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'फरक लक्षणीय नाही' या वाक्याखाली सही केली आणि गच्चीखालच्या खोलीला कुलूप लावलं.

हे वाचून आपल्याला वाईट वाटलं असेल, तर चिंता नसावी. एकट्यादुकट्या वाचकाला वाईट वाटणं योगायोगातच धरलं जातं.