पटावरची नदी

शपथेवर सांगतो, आमची नदी येसाई पूरग्रस्त म्हणून शाळेत राहायला आली आणि पुढं त्याच शाळेत पहिलीच्या वर्गात बसली, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथं होतो. म्हणजे ती आली त्या सकाळी नव्हतो, गिरणीची मोटार माळ्यावर चढवण्यात अडकलो होतो. पण शाळेच्या चौगुलेबाई होत्या, आणि चौगुलेबाई खोटं बोलत नाहीत. एकदाच बोलल्या, ते पुढं येईल.

आमच्या चिंचबेटाला नदी तीन बाजूंनी वळसा घालते. चौथ्या बाजूला टेकाड, आणि टेकाडावर शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक व्हरांडा आणि खिचडी शिजवायची शेड. ती जागा दगडाची, कुणालाच नको होती, म्हणून शाळेला दिली. गावानं केलेला एवढाच एक शहाणपणा, तोही नकळत. तेव्हापासून पाणी वाढलं की सगळं गाव शाळेत.

चौगुलेबाईंचा तो सहावा पूर. पाण्यानं पिंपळाचा पार ओलांडला की बाई भिंतीवरचे नकाशे गुंडाळायला लागायच्या. मग बाकं बाहेर, पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर, खडूंचा डबा स्वतःच्या पिशवीत. बाईंनी नकाशे गुंडाळले की आम्ही गाठोडी बांधायची, अशी गावची रीत. तालुक्याचा इशारा त्यानंतर दोन दिवसांनी यायचा. तो आम्ही शाळेतच ऐकायचो.

त्या पुराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तलाठी शिरगुप्पे भाऊसाहेब व्हरांड्यात टेबल टाकून नावं लिहीत होते. रांगेत एकशे सतराव्या नंबरला नदी उभी होती. अंगावरून पाणी निथळत होतं, पण ते त्या दिवशी सगळ्यांच्याच अंगावरून निथळत होतं.

"नाव?" भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

"येसाई."

"पूर्ण नाव."

"एवढंच हाय."

"घर कुठं?"

"दोन्ही काठांच्या मधी."

"काय झालंय?"

"घरात पाणी शिरलं. वरच्या धरणाची दारं उघडली. घोट्याएवढं हुतं तवर सोसलं, मग गळ्याशी आलं. आता घर कुठं हुतं ते बी कळंना."

हे वाक्य भाऊसाहेबांनी सकाळपासून एकशे सोळा वेळा ऐकलं होतं. त्यांनी 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

मागं हौसाआक्का उभी होती. वय सत्तरच्या पुढं, दात दोन, आवाज पूर्ण शाबूत. ती ओरडली, "अवो भाऊसाहेब, ही नदी हाय! हिच्याच भ्यानं आपण वर आलोय, आणि हीच रांगेत आपल्या पुढं!"

"आक्का," भाऊसाहेब म्हणाले, "रांगेत कोण आहे ते बघायचं काम माझ्याकडं नाही. घर पाण्यात आहे का, एवढंच विचारायचं. तिचं आहे. तुझं?"

"माझं बी हाय."

"मग झालं तर."

आक्काचं समाधान झालं नाही. ती नदीपुढं जाऊन उभी राहिली. "माझी म्हस कुठं न्हेलीस गं?"

"मी न्हेली न्हाई," नदी म्हणाली. "मी तुमच्या आदीच भाईर पडले. खाली हाय ते माझं पाणी न्हवं आक्का. त्यातलं कुणी माझ्या वळखीचं न्हाई."

आक्कानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग तिनं आपलं गाठोडं हातभर सरकवलं. "बस हितं. वली हाईस, भिताडाकडनं झोप, माझं हातरूण भिजवू नगंस."

नदी दुसऱ्या खोलीत राहिली. दारापासून फळ्यापर्यंत लांबलचक, मधे कुणाची तरी ट्रंक होती म्हणून तिथं एक वळण. त्रास काही नव्हता. ती खिचडी खायची नाही, नुसतं पाणी प्यायची. रोज सकाळी त्या खोलीत तीनचार मासे सापडायचे. शाळेचा आहार शाकाहारी असल्यामुळं त्यांची कुठं नोंद केली नाही. चव चांगली होती.

अकरा दिवसांनी पाणी उतरलं. लोक खराटे आणि घमेली घेऊन आपापल्या घरातला गाळ काढायला गेले. दुसऱ्या खोलीत नदी तेवढी राहिली.

"तू कधी जाणार?" चौगुलेबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, तेवढं बळ उरलं नव्हतं.

"माझ्या घरात अजून धरणाचंच पाणी हाय, बाई. पंचनामा बी झाला न्हाई."

पंचनामा अडला होता हे खरं. घराचा करायचा तर भिंती चार लागतात, नदीला दोनच काठ. शेताचा करायचा तर पीक लागतं. भाऊसाहेबांनी कागद मार्गदर्शनासाठी तालुक्याला पाठवला आणि स्वतः दुसऱ्या गावाला गेले. इकडं नियम असा की यादीतलं एक जरी माणूस शिल्लक असलं तरी निवारा केंद्र चालू. आणि केंद्र चालू असेपर्यंत शाळा बंद.

मी शाळा समितीचा अध्यक्ष. माझी धाकटी तिसरीत होती, आणि दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. एका दुपारी बाई मला म्हणाल्या, "हिंदुराव, बसा जरा." बाई बसा म्हणाल्या म्हणजे बातमी वाईट.

"वरून कागद आलाय. वीसच्या खाली पट असलेल्या शाळा बंद करून शेजारच्या शाळेत घालायच्या. आपला पट वीस होता. पण पुरात घर पडलं म्हणून सुताराची मंडळी इचलकरंजीला गेली, पोरगी घेऊन. राहिले एकोणीस."

"पुरामुळं कमी झाला असं कळवा की."

"कळवलं. ते म्हणतात, कारणांचा रकाना नाही, आकड्याचा आहे."

शेजारची शाळा पुलापलीकडं चार किलोमीटर. पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली. पण पोरांचं मी नंतर बोलतो. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की शाळा बंद झाली तर कुलूप लागणार, किल्ली तालुक्याला जाणार, आणि पुढच्या पुरात दोनशे बारा माणसं कुठं जाणार? दुसरं टेकाड आमच्याकडं नाही.

बाई खिडकीतून दुसऱ्या खोलीकडं बघत होत्या. मीही बघायला लागलो. नदी फळ्याखाली पडून भिंतीवरची बाराखडी बघत होती.

"बाई," मी म्हणालो, "हिचं नाव घाला पटावर."

"हिंदुराव, ती नदी आहे."

"नदी असली म्हणून काय झालं? गावातलीच आहे. विद्यार्थी म्हणून नाव लागलं की पूरग्रस्त म्हणून कमी होईल. केंद्र बंद, शाळा चालू, पट वीस."

बाईंनी कपाट उघडलं आणि दाखल करायचा अर्ज बाहेर काढला. नाव येसाई. वडील डोंगर. मातृभाषा मराठी. आधीची शाळा नाही. जन्मतारखेपाशी त्यांचं पेन थांबलं.

"कधी जन्मलीस गं?"

"तवा तारखा न्हवत्या, बाई."

आमच्या भागात ज्याची जन्मतारीख माहीत नाही त्याची एक जून लावतात. माझी एक जून, माझ्या तिन्ही भावांची एक जून, निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. बाईंनी नदीची एक जून लावली आणि साल असं निवडलं की ती सहा वर्षांची भरेल. त्या खोटं बोलल्या ते हेच. सवय नव्हती, म्हणून सहाचा आकडा जरा वाकडा आहे.

फक्त आधारचं जमलं नाही. यंत्रवाला आला, त्यानं नदीचा अंगठा काचेवर चारदा टेकवला, चारही वेळा काच ओली. "अंगठा कोरडा करून या," म्हणाला. हौसाआक्का तिथंच होती. "माझा बी उठत न्हाई त्यो," ती म्हणाली, "भाकरी थापून झिजला. म्हणून मी न्हाई व्हय?" यंत्रवाल्यानं नंतर बघू म्हणून यंत्र बंद केलं.

नदी शाळेत रमली. रांगेत नेहमी उताराच्या बाजूला उभी राहायची. बाराखडी महिन्यात आली. एक ते शंभर घडाघडा म्हणायची, पण शंभर ते एक म्हण म्हटलं की गप्प. बाईंनी तिला उलटं जायला शिकवायचा दोन आठवडे प्रयत्न केला. शेवटी म्हणाल्या, "राहू दे. काहींना नाही जमत."

दसऱ्याच्या आसपास धरणानं दारं मिटली. खालचं परकं पाणी वाहून गेलं आणि नदीचं घर रिकामं झालं. पूर्ण रिकामं, कारण घरमालकीण शाळेत. काठावरच्या विहिरीत पंप कोरडा फिरायला लागला, गावाचे नळ गेले. तिसऱ्या दिवशी बाया रिकाम्या घागरी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात.

"बाई, तिला सोडा," त्या म्हणाल्या.

"सोडली तर पट एकोणीस."

"न्हाई सोडली तर आमी काय प्यायचं?"

बाई पायरीवर बसल्या. खडूनं पांढरे झालेले हात मांडीवर तसेच ठेवून बसल्या. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. मग आक्काच बोलली.

"आगं, त्यात काय एवढं? गावच्या पोरी काय शाळंत निजत्यात? धाला यायचं, पाचला घंटा झाली की घरला जायाचं, घरचं काम करायचं. हिला काय येगळं?"

असं कुणाला सुचलंच नव्हतं. त्या दिवसापासून नदी दहाला यायची आणि पाचला घंटा झाली की पाटी कडेला धरून टेकाड उतरायची. पंपाची वेळ संध्याकाळी सहाची केली. रविवारी पाणी दिवसभर.

दिवाळीनंतर पट मोजायला मगदूमसाहेब आले. थकलेला माणूस, त्या दिवसातली त्यांची ही पाचवी शाळा. त्यांनी बोटानं मोजलं, एकोणीस झाले, आणि बोट पहिलीच्या बाकापाशी थांबलं. बाकाखाली पाणी साचलेलं.

"ही कोण?"

"येसाई," बाई म्हणाल्या. "पुरात आली होती."

"गाव कुठलं गं तुझं?"

"मला सतरा गावं हायत, साहेब. कुठलं सांगू?"

साहेबांनी बाईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "बरं. वीसपासून खाली मोज बघू."

नदी उठून उभी राहिली. "वीस," म्हणाली, आणि थांबली. माझी धाकटी तिला ओठांनीच एकोणीस, एकोणीस सांगत होती. नदीला ते दिसत होतं, पण जमत नव्हतं.

"तिला उलटं येत नाही," बाई हळूच म्हणाल्या.

साहेबांनी पेन काढलं. "नाही आलं तरी चालेल," ते म्हणाले. "वीसच्या खाली यायचंच नाही आपल्याला." त्यांनी कागदावर वीस लिहिले, खाली सही केली, पाणी मागितलं. नदीनंच दिलं.

आता कबूल करतो. यातला मगदूमसाहेबांचा भाग मी रचला. नदी, रांग, एक जून, घागरी, पाचची घंटा, ते सगळं झालं तसंच सांगितलं. पण साहेब कुणी आलं नाही. वर्गात येऊन कुणी बोट दाखवून मोजलं नाही. पट तालुक्यात बसूनच मोजला, ज्यांचा अंगठा जुळला त्यांचा. एकोणीस निघाले.

शाळेला कुलूप लागलं, किल्ली तालुक्याला गेली. चौगुलेबाईंची बदली झाली. जाताना त्यांनी नकाशे भिंतीवर तसेच ठेवले. पोरं पुलापलीकडं जातात, पूल असेल तेव्हा.

यंदा पाण्यानं पिंपळाचा पार ओलांडला तेव्हा नकाशे गुंडाळायला कुणी नव्हतं, त्यामुळं गाठोडी कधी बांधायची ते आम्हाला कळलं नाही. छातीएवढ्या पाण्यातून वर आलो. व्हरांडा सहा फुटी, माणसं दोनशे चार, एक-दोन घरं शाळेपायी गाव सोडून गेलेली. भाऊसाहेब म्हणाले, किल्लीसाठी कळवलंय, आदेशाशिवाय कुलपाला हात लावू नका.

नदी आमच्या आधी आली होती. बंद दारापुढच्या पायरीवर बसली होती, मांडीवर पाटी. तिला दाराखालून आत जाता येत होतं, फट चांगली दोन बोटांची आहे. ती गेली नाही.

"सरक की गं जरा," हौसाआक्का म्हणाली.

ती सरकली.