चीनला जायची तालीम

आमचे शांतारामकाका भिवंडीत रिक्षात बसले की तोंडाने पत्ता सांगत नाहीत. खिशातून एक कार्ड काढून रिक्षावाल्यासमोर धरतात. कार्डावर त्यांच्याच घराचा पत्ता, वर मराठीत, खाली उर्दूत. सगळं आयुष्य ज्या गावात गेलं, तिथे हा थाट.

याला कारण चीन. काका दापोड्याच्या एका गोदामात पुस्तकांच्या खोक्यांवर सुपरवायझर होते. भिजलेली, कव्हर फाटलेली पुस्तकं रद्दीत निघायची. त्यातली चीनच्या प्रवासाची तेवढी काकांनी साहेबांना विचारून घरी आणली. डोंगरात कोरलेले बुद्ध बघायला काकूंना घेऊन एकदा जायचंच, हे ठरलेलं. तोवर पुस्तकांतले नियम इथेच चालू. भाजीवालीने भाव सांगितला की पावपट बोलायचं आणि चालू लागायचं. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे विकणारा मागून हाक मारतो. आमची भाजीवाली मारत नाही. मग काकाच परत येतात.

मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत लिहून जवळ बाळगावा, हाही पुस्तकातलाच नियम. "चीनमध्ये चिनी, भिवंडीत उर्दू," असं म्हणत काकांनी शेजारच्या टेलरकडून ते लिहून घेतलं.

मध्ये खारबावला साखरपुड्याला निघालो, तेव्हा त्यांनी सगळ्या खानदानाला कार्डं वाटली.

"काका, मी काय हरवणार?"

"तुझ्याकडं बघून भरवसा वाटत न्हाय."

माझी बायको हसली. जरा जास्तच हसली. विमलकाकूंनी मात्र आपलं कार्ड निमूट बटव्यात ठेवलं. "यांची हौस," म्हणाल्या.

परवा सहज गेलो, तर काका दारात उभे. काकू दुपारीच कोथिंबीर आणायला गेलेल्या, अजून आल्या नव्हत्या. मी बाजारात दोन चकरा मारून हात हलवत परत आलो.

"विसरायला लागलीय ती," काका रस्त्याकडे बघत म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, वाढत जाणार. तिला एकटीला कार्ड दिलं असतं तर फेकून दिलं असतं तिनं. म्हणून तुम्हा सगळ्यांना दिली."

 

दिवे लागायच्या सुमाराला दाराशी रिक्षा थांबली. "चाचा, चाची ने ये कार्ड दिखाया," रिक्षावाला म्हणाला. "तो ले आया."

काकू उतरल्या. पिशवी रिकामी होती. उंबऱ्यापाशी आल्या आणि तिथेच थांबल्या, काहीतरी फोडून ठेवलेल्या पोरीसारख्या.

कुठे होतीस, असं काकांनी विचारलं नाही. खुर्ची ओढली, पाण्याचा तांब्या हातात दिला.

"बस आधी. आणि काय काय पाहिलंस ते सांग."

काकूंनी दोन घोट घेतले.

"एका गल्लीत ना," त्या हळूच म्हणाल्या, "सगळ्या पोरी दारात बसून मेंदी काढत होत्या."

"मग?" म्हणत काका त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.