सोन्याचं निब आणि गोल्टी कांदा

नुसतं टोपण काढून बघायचं, एवढंच मी ठरवलं होतं. लिहायचं नाही. (माणसं बऱ्याच गोष्टी असं ठरवूनच सुरू करतात आणि मग माझ्यासारखी सांगत बसतात.)

पेन माझं नव्हतंच. ते समीनाचं, म्हणजे माझ्या बायकोचं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पूर्वी कवठे महांकाळला असताना तिच्या हाताखाली शिकलेली प्रीती आता सांगलीत मोठी डॉक्टर आहे. (कसली डॉक्टर, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.) समीना मुख्याध्यापिका झाली तेव्हा प्रीतीने तिला हे पेन पाठवलं. सावित्रीबाई फुल्यांच्या सन्मानार्थ काढलेलं, लिमिटेड एडिशन. काळंभोर अंग, टोपणावर कोरलेलं त्यांचं नाव आणि निब सोन्याचं.

"लिमिटेड म्हंजे?" मी विचारलं. "आपल्या एसटीसारखं? मधी कुठं थांबत न्हाई?"

"म्हंजे मोजकीच काढल्यात. एकदा गेलं की गेलं." समीनाने डबी मिटली. "तीन जानेवारीला, जयंतीला काढणार. पहिलीतल्या पोरींची नावं ह्यानं लिहून देणार. या पेनाचा पहिला शब्द पोरीचं नाव असला पायजे. तवर कुणी हात लावायचा न्हाई."

'कुणी' म्हणजे मी. घरात आम्ही दोघंच. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्या लोणंदपासून जवळ. दर वर्षी समीना पोरींना घेऊन तिथे जाते, आणि परत आली की दोन दिवस तिचं पाऊल जमिनीवर नसतं. त्या पेनात तिचा किती जीव होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर आता जास्त लागतं.

मी लोणंदच्या कांदा बाजारात नानासोंच्या आडतीवर दिवाणजी आहे. शेतकऱ्याचा माल विकला की त्याची पट्टी लिहून द्यायची, हे माझं काम. नानासोंचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही, कार्बनवर आहे. एकाखाली एक तीन कार्बन घालायचे आणि चौथ्या प्रतीपर्यंत उमटेल असं रोवून लिहायचं. सगळा जन्म यात गेला. माझी सही कागदावर कमी आणि टेबलावर जास्त आहे.

बुधवारी समीना शाळेला गेली आणि मी टोपण काढलं. मग सोबत आलेली शाईची कांडी बसते का, ते बघितलं. बसली. मग पेन खिशाला कसं दिसतं, ते बघितलं. छान दिसलं. मग ते खिशालाच राहिलं आणि आम्ही दोघं दुकानात गेलो.

"सोन्याचं हाय व्हय?" नानासोंनी विचारलं.

"निब तेवढं."

"मग लिव्ह की गड्या! नुसतं मिरवायला नवरदेव हायस काय?"

चार शेतकरी, दोन हमाल बघत होते. मी पट्टी पुढे ओढली आणि लिहायला घेतलं, 'गोल्टी कांदा'. गोल्टी म्हणजे अगदी बारका माल. 'गो' झकास उमटला. खाली कार्बन आहेत हे हाताच्या ध्यानात आलं आणि 'ल्टी'ला त्याने जोर लावला. कट् असा आवाज झाला. निबाचे दोन पाय झाले, एक पुण्याकडे आणि एक कोल्हापूरकडे गेला. (चौथी प्रत मात्र सुरेख आली होती.)

संध्याकाळी परसात जाऊन मी सांगलीच्या एका पेन दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. समीना घरातच होती, म्हणून 'पेन' हा शब्द तोंडातून काढायचा नव्हता.

"टोकाला तरास हाय... हां, सारखं गळतंय, थेंब थेंब... दाब दिला की येतं, पर दोन धारा हुत्यात... न्हाई ओ, आजवर तक्रार न्हवती... कापावं लागंल? मग पुन्हा पयल्यासारखं चालंल का?... बायकूला अजून सांगितलं न्हाई."

वळलो तर दारात समीना उभी. ती वळून आत गेली.

जेवायला पांढरं वरण, भात आणि तांब्याभर जवाचं पाणी. मिरचीचा ठेचा गायब. समीनाचे डोळे लाल.

"हे काय?"

"पिऊन टाका. मी ऐकलंय सगळं."

मी तांब्या पुढे ओढला. "रागावलीस?"

"रागवायचं काय त्यात? मुद्दाम केलंत व्हय? या वयात हुतं असं." तिने डोळे पुसले. "प्रीतीला फोन केलाय. शनिवारी घेऊन या म्हणली. जयंतीचं मागनं बघू, आधी हे नीट हुंदे."

प्रीतीकडेच न्यायला हवं, मलाही पटलं. जिनं दिलं तिच्याकडे गॅरंटीचा कागद असणार. पण एवढ्या मोठ्या मनाच्या बाईचं पेन मी मोडलं होतं. जवाचं पाणी मुकाट्याने पीत राहिलो आणि प्रत्येक घोटाला स्वतःला शिव्या घातल्या.

गाडीत तिने मला खिडकी दिली. दर स्टेशनला हळूच विचारायची, "जाऊन यायचं का?"

"कुठं?"

"काय न्हाई."

दवाखान्यात सगळे माझ्या वयाचे पुरुष बसले होते आणि आळीपाळीने उठून कुठंतरी जाऊन येत होते. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आमचा नंबर आला.

"बाई, तुम्ही अजिबात काळजी करू नका," प्रीती म्हणाली. "काका, कधीपासून त्रास?"

"बुधवारपासनं. एकदम कट् आवाज आला."

"आवाज? तेव्हा काय करत होता?"

"नानासोंच्या दुकानात होतो. चारचौघं बघत हुती. तीन कार्बन घालून दाबलं."

प्रीतीने समीनाकडे पाहिलं. समीनाने भिंतीकडे.

"काका, पडद्यामागे चला. काढून दाखवा."

"पडदा कशाला? खिशातच हाय की." आणि रुमालात गुंडाळलेलं पेन मी टेबलावर ठेवलं.

प्रीतीला हसू फुटलं, पण बाईंचा चेहरा बघून तिने ते गिळलं. समीनाने पेन हातात घेतलं. निबाच्या दोन पायांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे तुमाला काय बी झालेलं न्हाई?"

"न्हाई."

"लघवी?"

"झकास."

तिने पेन उजेडात धरलं. "काय लिहिलंत ह्यानं? पहिला शब्द?"

खोटं सुचायला हवं होतं. "गोल्टी."

तिने पदर तोंडाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "समीना, रडू नगंस गं. चुकलो मी. लय चुकलो."

"इतके दिस तुमच्यासाठी रडले, ते समदं फुकट गेलं," ती म्हणाली. "आता पेनासाठी रडायचं हाय मला. तुमी जरा भाईर बसा."

मी बाहेर बाकावर बसलो. आत कुणी हसत नव्हतं. माफी कशी मागावी, याची मनात जुळवाजुळव करत होतो, तोच नर्सने माझ्या हातात एक छोटी बाटली ठेवली. "भरून द्या, काका."

"अवो, मला काय बी झालेलं न्हाई."

"सगळे असंच म्हणतात."

आतून समीनाचा रडवेला आवाज आला, "द्या म्हणत्यात तर द्या की भरून! आणि तेवढं तरी सांडू नका."

मी बाटली घेऊन उठलो.