अक्षरांचे पाय धुणारा शालिक

आमच्या आसगावचा शालिक संगणकाशी बोलतो. नेटवरचा मजकूर उचलला की त्याला म्हणतो, "पाय धुवून ये." मग तो मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाकतो. तिथे रंग, निळ्या रेघा, वाकडी अक्षरं, सगळं गळून पडतं. उरलेलं साधं वर्डमध्ये घेतो आणि कोणाची आरती, कोणाची पत्रिका छापून देतो. मसणातून आलेला माणूस कडुलिंबाचा पाला चावून, पाय धुवून घरात येतो, तसंच हे, असं त्याचं म्हणणं.

"नेटवर कोण कोण लिवून जाते, मावशी. मेलेलेबी असतात त्याच्यात. त्याईचं काही संगं येते."

"काय येते?"

"सावली."

मी हातमागावर जन्म घालवला. सुताबरोबर कोणाची सावली आलेली पाहिली नाही. पण एकदा घाईत त्याच्याकडून पाय धुवायचे राहिले, आणि तेरवीच्या पत्रिकेत एका नातेवाइकाच्या नावामागे राखाडी चौकट उमटली. तो बुढा अजून जिवंत आहे, मटण खातो. शालिक मात्र पंगतीत त्याच्याशेजारी बसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याने मला आपल्या छपाईच्या दुकानात बोलावलं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

त्याची एकुलती पोरगी वैशाली पुण्यात तापाने गेली होती. तिथेच जाळली, गावात परत आलीच नाही. नेटवर ती घरादाराबद्दल लिहायची, तेवढं मागे राहिलं होतं. आता ती लिहायची ती नेटवरची जागाच बंद होणार होती. त्याआधी उतरवून घेतलं नाही तर तेही गेलं.

"मंग घे ना. रोजचंच तं काम हाय तुयं."

"तिले पाय धू म्हणू का, मावशी? माही पोरगी हाय. जशी हाय तशीच येऊ दे."

त्याने मजकूर सरळ वर्डमध्ये घेतला. पान कोरं. पुन्हा घेतला. कोरंच. पण त्या कोऱ्या पानावर लाल नागमोडी रेघा होत्या, ओळीमागून ओळ, चुकलेल्या शब्दाखाली संगणक ओढतो तशा. शब्द नव्हते. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"आली हाय," शालिक हळूच म्हणाला. "दिसून नाही राहिली."

मी तिचं नेटवरचं पान दाखवायला लावलं. काळंकुट्ट पान, त्यावर पांढरी अक्षरं.

"अक्षरं पांढरी हायेत ना बापा. कागदबी पांढरा. कशी दिसन? साधं करून घे."

"रंग गेला तं तिचं काय उरते?"

"लिवलेलं उरते."

शेवटी त्याने तिला नोटपॅडमधून आणलं, पण "पाय धुवून ये" म्हटलं नाही. पानावर काळी अक्षरं उभी राहिली. त्याला वाचवेना. चष्मा काढून भिंतीकडे पाहत बसला. मग मीच वाचलं.

"आमच्या बाबांचं वांग्याचं भरीत कायम करपतं, आणि ते म्हणतात, चव त्यातच आहे."

"खोटं लिवते," शालिक म्हणाला. मग चष्मा पुसत म्हणाला, "पुढं वाच, मावशी. हळू वाच."

माझ्यासारख्या चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला हळू सोडून दुसरं काही जमतही नाही. दिवस बुडाला तरी आम्ही अजून दुसऱ्या पानावरच होतो.